हिशेबाची पेटी आणि मापाचा ब्लाउज

 

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशेब. आज बोलायचं आहे ते पाचव्या सूत्राबद्दल. विषय थोडा यंत्राचा आहे. पण ज्यांच्या गावात हिशेबाची पेटी आहे त्यांनी तर ऐकावंच, आणि ज्यांच्या घरी मुलगी संगणक शिकते आहे त्यांनी तिला हाक मारून जवळ बसवावं.

आमच्या १४ गावांत अशी पेटी आहे. आत रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, काडेपेटीहून जरा लांबट. मोबाइलच्या चार्जरवर चालतो, लाइट गेली तर पॉवर बँकेवर. तो स्वतःचं वायफाय सोडतो. बैठकीला बसल्या बसल्या सचिव आपल्या फोनवरून त्यात बचत, कर्ज, हप्ता सगळं भरते. इंटरनेट लागत नाही, महिन्याचं भाडं लागत नाही. हिशेबाचा प्रोग्राम एका ओळखीच्या मुलानं लिहून दिला होता. त्याचं मूळ लिखाण, म्हणजे सोर्स कोड, त्यानं आमच्याकडे ठेवलं आणि तो नोकरीला परगावी गेला.

मग एक चूक सापडली. ती सापडली आमच्या कोषाध्यक्ष काकूंना, बोटांवर मोजून. एका सदस्येनं १०,००० रुपयांचं कर्ज घेतलं होतं, महिना शेकडा २ नं. नेहमीचे हप्ते बरोबर उतरत होते. पण शेळ्या विकल्यावर तिनं एकदम ४,००० भरले. उरले ६,०००. त्यावर पुढच्या महिन्याचं व्याज १२० रुपये व्हायला हवं. पेटी म्हणाली २००. मधेच जास्तीची रक्कम भरली की प्रोग्राम उरलेल्या मुद्दलाऐवजी जुन्याच मुद्दलावर व्याज लावत होता. रक्कम ८० रुपयांची, पण कर्ज लवकर फेडणाऱ्या बाईलाच दंड बसत होता.

आमच्यात दोन मुली यंत्राचं काम बघतात. एक बीसीए झालेली, दुसरी आयटीआय केलेली. दोघींनी मूळ लिखाण उघडलं आणि चूक एका दुपारीच शोधली. एका ओळीची चूक होती. पण ती दुरुस्ती १४ पेट्यांत नीट पोचवायला आम्हाला दोन महिने लागले. ते दोन महिने का लागले, तेच आज सांगायचं आहे.

माणूस प्रोग्राम लिहितो अक्षरांत. संगणकाच्या चिपला ती अक्षरं कळत नाहीत. तिला तिच्या ठरावीक आज्ञाच कळतात. लिखाणाचं त्या आज्ञांत रूपांतर करणं म्हणजे कंपाइल करणं. आमच्या मुली त्याला बांधणी म्हणतात, आपणही तसंच म्हणू. आता अडचण अशी की प्रत्येक जातीच्या चिपची आज्ञांची भाषा वेगळी. आमच्या कार्यालयातल्या लॅपटॉपमध्ये इंटेलच्या जातीची चिप आहे. पेटीत आर्म जातीची. तुमच्या हातातल्या मोबाइलमध्येही बहुतेक आर्मच असते, कारण ती वीज कमी खाते. ही आर्म चिप १९८५ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत तयार झाली. तिच्या आज्ञांची भाषा सोफी विल्सन या बाईंनी आखली, चिपची रचना त्यांनी स्टीव्ह फर्बर यांच्यासोबत केली. आपल्या पदरातल्या फोनमागे एका बाईचं डोकं आहे, हे मुलींना जरूर सांगा.

तर, लॅपटॉपवर साधी बांधणी केली तर ती लॅपटॉपलाच कळणार, पेटीला नाही. मग करायचं काय? मार्ग तीन.

पहिला, पेटीतच बांधणी करणं. हा सगळ्यात सरळ. आम्ही करून बघितलं. पेटीची स्मृती ५१२ एमबी. आमच्या प्रोग्रामसोबत एसक्यूलाइट नावाची नोंदी ठेवणारी लायब्ररी बांधावी लागते. तिचं लिखाणच दोन लाखांहून जास्त ओळींचं आहे. शिवाय मराठीत पावती छापण्यासाठी आणखी लायब्ऱ्या लागतात. पेटी तासन्‌तास राबली, स्मृती अपुरी पडली म्हणून मेमरी कार्डावर लिहीत बसली, आणि संध्याकाळी लाइट गेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो नाद सोडला.

दुसरा मार्ग क्रॉस-कंपाइल. म्हणजे लॅपटॉपवर असा कंपायलर ठेवायचा की जो चालतो इंटेलवर, पण आज्ञा लिहितो आर्मच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर मापावर शिवलेला ब्लाउज. घालणारी बाई शिवणाऱ्या ताईपुढे उभी नसते. ताई मापावरून शिवते. माप बरोबर तर ब्लाउज बरोबर.

तिसरा मार्ग एम्युलेशन. यात लॅपटॉप पेटीचं सोंग घेतो, बहुरूप्यासारखं. क्यूईएमयू नावाचा मोफत प्रोग्राम आहे, फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला. तो आर्मची प्रत्येक आज्ञा वाचतो आणि तिचं इंटेलच्या आज्ञेत भाषांतर करून चालवतो. म्हणजे पेटीच्या कार्डाची प्रत लॅपटॉपवर ठेवायची आणि त्या प्रतीतला, पेटीचाच कंपायलर लॅपटॉपवर चालवायचा. त्याला वाटतं आपण पेटीतच आहोत.

आमच्या बीसीए झालेल्या मुलीनं क्रॉस-कंपाइल धरलं. तिचं म्हणणं, "ताई, तीन मिनिटांत बांधणी होते. दिवसातून वीस वेळा करून बघता येतं." खरंच होतं ते. एम्युलेशननं तीच बांधणी आमच्या जुन्या लॅपटॉपवर चाळीस मिनिटं घेत होती. एकेका आज्ञेचं भाषांतर करत जायचं म्हणजे वेळ लागणारच.

पहिल्या खेपेला पेटीनं तिची फाइल नाकारली. संदेश आला, हवी ती जीलिबसी आवृत्ती सापडत नाही. जीलिबसी ही लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पायाशी असलेली लायब्ररी. लॅपटॉपवरची नवी होती, पेटीतली जुनी. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. मग तिनं पेटीच्या कार्डावरच्या लायब्ऱ्या उचलून लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि कंपायलरला सांगितलं, बांधणी यांच्याकडे बघून कर. या फोल्डरला सिसरूट म्हणतात. आपण शिवायला टाकताना सोबत मापाचा ब्लाउज देतो ना, तोच हा.

यानंतर फाइल चालली. टेबलावर दोन पेट्या होत्या, दोन्हींवर चालली. व्याज १२० आलं. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. दुसऱ्या दिवसापासून गावोगाव जाऊन जुनी फाइल पुसून नवी टाकत सुटलो. नऊ गावं झाली.

दहाव्या गावात आम्ही बैठकीच्या दिवशीच पोचलो. जून महिना, पहिला पाऊस पडून गेलेला. त्या गटातल्या एका मावशींना बियाण्यासाठी कर्ज हवं होतं, त्या दिवशी ठराव व्हायचा होता. फाइल टाकली, पेटी सुरू केली. पडद्यावर दोनच शब्द आले, इल्लीगल इन्स्ट्रक्शन. म्हणजे चिप म्हणत होती, ही आज्ञा माझ्या भाषेत नाही. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. जुनी फाइल आम्ही आधीच पुसली होती. प्रत ठेवली नव्हती. आणि पेटी आल्यापासून त्या गटानं कागदाची वही तीन महिने भरली नव्हती, कारण "आता पेटी आहे ना" असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं.

गटाकडे शिल्लक किती, कुणाकडे किती येणं, काहीच नक्की सांगता येईना. कर्जाचा ठराव आठ दिवस पुढे ढकलला. मावशी काही बोलल्या नाहीत. पण वाफसा आठ दिवस थांबत नाही. त्यांनी दुकानातून उधारीवर बियाणं घेतलं, जास्तीच्या भावानं. आमच्या घाईची किंमत त्यांनी मोजली. हे आम्ही रेडिओवर सांगतो आहोत, कारण चूक आमची होती आणि ती दुसऱ्या कुणी करू नये.

मग घडलं काय होतं? आमच्या १४ पेट्यांपैकी नऊ नव्या आहेत, त्यांत रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू आहे. पाच जुन्या, त्यांत नुसता झिरो डब्ल्यू. बाहेरून दोन्ही सारख्याच, कार्डही एकच चालतं. पण जुन्यांची चिप आर्मच्या सहाव्या पिढीची आहे, आर्म व्ही-६. आणि लॅपटॉपवर डेबियनमधून आम्ही जो तयार क्रॉस-कंपायलर घेतला होता, तो धरूनच चालतो की समोर निदान सातवी पिढी आहे. गंमत अशी, की दोन्हीकडे नाव एकच, आर्मएचएफ. डेबियनमध्ये त्याचा अर्थ व्ही-७, रास्पबेरी पायच्या ३२ बिट प्रणालीत त्याचा अर्थ व्ही-६. दोन दुकानांत ३६ नंबर मागावा आणि एकाचा ३६ दंडात घट्ट व्हावा, तसं. नव्या नऊ पेट्यांना सातव्या पिढीच्या आज्ञा कळतात, म्हणून तिथं काही दिसलं नाही. आणि आमच्या टेबलावरच्या दोन्ही पेट्या नव्याच होत्या.

बीसीएवाली हिरमुसली, पण बसून राहिली नाही. तिनं कंपायलरला स्पष्ट सांगितलं, व्ही-६ च्याच आज्ञा लिही. तरी जुन्या पेटीत तेच दोन शब्द. कारण आपल्या लिखाणाखेरीज काही छोटे तुकडे कंपायलर स्वतःच्या पोतडीतून जोडतो, आणि ते आधीच व्ही-७ साठी बांधलेले होते. कापड आपण मापात कापलं, पण तयार आणलेल्या बाह्या दुसऱ्या मापाच्या. यावर उपाय आहे. मुळापासून व्ही-६ साठी बांधलेला क्रॉस-कंपायलर वापरायचा. तो उभा करायला वेळ आणि समज दोन्ही लागतात.

तोवर आयटीआयवालीनं एम्युलेशनची बांधणी लावून दिली होती. ती म्हणाली, "चाळीस मिनिटं लागू देत की. मी तेवढ्यात जेवून येते." जुन्या पेटीच्या कार्डाची प्रत, तिच्यातलाच कंपायलर, तिच्यातल्याच लायब्ऱ्या. तो कंपायलर मुळातच व्ही-६ साठी आज्ञा लिहितो, त्याला काही सांगावं लागलं नाही. आणखी एक फायदा झाला. पावती छापणारी लायब्ररी बांधताना मधेच एक छोटा प्रोग्राम तयार करून चालवून बघते आणि त्यावरून पुढचं ठरवते. क्रॉस-कंपाइलमध्ये तो आर्मचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालत नाही, त्याची उत्तरं हातानं पुरवावी लागतात, आणि तिथं चुकायला जागा राहते. एम्युलेशनमध्ये तो आपोआप चालला.

म्हणजे एम्युलेशन चांगलं आणि क्रॉस-कंपाइल वाईट, असं आहे का? तसंही नाही. बहुरूपी पोलिसाचा वेश घेतो म्हणून तो पोलीस होत नाही. आम्ही मुद्दाम एक प्रयोग केला. जी फाइल जुन्या पेटीत बंद पडली होती, तीच लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये चालवली. ती बिनतक्रार चालली! कारण हे सोंग, काही सांगितलं नाही तर, नव्या पिढीच्या आज्ञाही समजून घेतं. खऱ्या पेटीपेक्षा तिचं सोंग जास्त हुशार. त्याला बजावून सांगावं लागतं, की तू आर्म ११७६ चिप आहेस, तेवढंच तुला येतं. झिरो डब्ल्यूमध्ये तीच चिप असते. म्हणून एम्युलेटरमध्ये चाललं, म्हणजे पेटीत चालेल, असं समजू नये. वेगाचा अंदाजही त्यात येत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत आम्ही हा विषय रीतसर ठेवला. दोघी मुलींनी आपापली बाजू मांडली. बीसीएवाली म्हणाली, "लिहिताना सारखं बदलून बघावं लागतं. दर वेळी चाळीस मिनिटं थांबले तर काम कधी होणार?" आयटीआयवाली म्हणाली, "पण गावात जाणारी फाइल वर्षातून तीन-चारदाच बनते. तिथं घाई कशाला?" दोघींचंही बरोबर होतं. ठराव वहीत लिहिलं ते असं: काम चालू असताना क्रॉस-कंपाइल वापरावं. गावात जाणारी शेवटची फाइल पेटीच्या कार्डाच्या प्रतीतच, एम्युलेशननं बांधावी. आणि दोन्हींपैकी कशावरही, खऱ्या जुन्या पेटीत चालवून बघितल्याखेरीज विश्वास ठेवू नये.

आता तुमच्या गटात, तुमच्या कॉलेजात कुणी असं काम करत असेल, तर निवड कशी करायची? आम्ही स्वतःला चार प्रश्न विचारतो.

एक, बांधणी किती वेळा करायची आहे? रोज अनेकदा करायची तर क्रॉस-कंपाइलचा खटाटोप एकदा करून ठेवलेला परवडतो. कधीमधी करायची तर एम्युलेशनचा वेळ काहीच नाही, रात्री लावून झोपावं.

दोन, दुसऱ्यांच्या लायब्ऱ्या किती? प्रोग्राम सुटसुटीत असेल तर क्रॉस-कंपाइल सोपं. लायब्ऱ्यांचा पसारा मोठा, त्यातली एखादी बांधताना मधेच स्वतःला चालवून बघणारी, तर एम्युलेशन सुखाचं.

तीन, प्रोग्राम कोणत्या भाषेत आहे? गो नावाच्या भाषेचा कंपायलर वेगवेगळ्या चिपसाठी बांधणी करायची सोय सोबत घेऊनच येतो. त्याला नुसतं सांगायचं, आर्म, आणि पिढी सहावी. त्यात सी भाषेतल्या लायब्ऱ्या मिसळल्या नसतील तर क्रॉस-कंपाइलइतकं सोपं दुसरं काही नाही. आमचा प्रोग्राम सी मध्ये आहे, म्हणून आमची वाट अवघड.

चार, जवळ दमदार आर्म यंत्र आहे का? चार किंवा आठ जीबी स्मृतीचा रास्पबेरी पाय मिळाला, तर त्याच्यावर पेटीचीच प्रणाली टाकून तिथंच बांधावं. मापही नको नि सोंगही नको. डेबियनसारखा मोठा प्रकल्पही आर्मची पॅकेजेस आर्मच्याच यंत्रांवर बांधतो. आमचे त्यासाठी पैसे साठवणं चालू आहे.

आणि काही सवयी, ज्या मावशींच्या बियाण्यानं आम्हाला लावल्या. नवी फाइल टाकण्याआधी जुनी जपून ठेवायची, पुसायची नाही. बैठकीच्या दिवशी पेटीला हात लावायचा नाही. प्रत्येक पेटीच्या तळाशी चिठ्ठी चिकटवायची, आत कोणता बोर्ड आहे, कोणती पिढी. आणि कागदाची वही बंद करायची नाही. बैठक संपताना सचिवानं शिल्लक वहीत उतरवायची, अध्यक्ष आणि कोषाध्यक्षांनी सही करायची. पेटीची चूक शेवटी काकूंच्या बोटांनीच पकडली होती.

कुणी आम्हाला म्हणतं, एवढं डोकं शिणवण्यापेक्षा तयार काहीतरी विकत घ्या की. विचार केला होता. पण व्याजाची चूक सापडली तेव्हा मूळ लिखाण आमच्या कपाटात होतं, म्हणूनच ती दुरुस्त करता आली. नुसतं लिखाण असूनही भागलं नाही. ते बांधता येणारी दोन माणसं गटात नसती, तर लवकर फेडणाऱ्या बाईकडून दर महिन्याला ८० रुपये जास्त घेत बसलो असतो, आणि पेटी सांगते म्हणून तेच खरं मानलं असतं. आता आणखी चार मुली शिकताहेत. दोघींवरच सगळं राहायला नको. उद्या त्यांची लग्नं होतील, नोकऱ्या लागतील.

त्या मावशींचं सांगायचं राहिलं. आठ दिवसांनी त्यांना कर्ज मिळालं, त्यातून दुकानाची उधारी फिटली. दुरुस्त फाइल तयार झाली तेव्हा आम्ही विचारायला गेलो, आधी कुठं चालवून बघू? त्या म्हणाल्या, "आमच्याच पेटीत बघा. इथं चालली तर सगळीकडं चालेल." तेव्हापासून तसंच करतो. प्रत्येक नवी फाइल आधी त्या गावच्या जुन्या पेटीत, बैठकीच्या दोन दिवस आधी. मावशी समोर बसतात, आपल्या कर्जाचं व्याज वाचून घेतात, बोटांवर मोजतात, आणि मान हलवली की आम्ही पुढच्या गावाला निघतो.

तुमच्या गावात पेटी असेल तर या बैठकीत एवढंच करा. ती उलटी करून तळाची चिठ्ठी बघा. चिठ्ठी नसेल तर आम्हाला निरोप पाठवा.